शिवेची काठी

दुकानदाराने आतल्या खोलीतून काठी आणून काउंटरवर आडवी ठेवली आणि हरीश रणपिसे एक पाऊल मागे सरला. आपण सरलो हे त्याला कळलं ते मागच्या बाईच्या पिशवीला धक्का लागला तेव्हा. तो सॉरी म्हणाला, बाईही सॉरी म्हणाली. या देशात धक्का देणाराही सॉरी म्हणतो आणि खाणाराही, त्यामुळे धक्का नक्की कुणाला बसला याचा निकाल कधी लागत नाही. काठी माणसापेक्षा हातभर उंच होती. हातांनी घासून घासून तुळतुळीत झालेली, वरच्या टोकाला विटकी लाल फीत, खाली नवीकोरी पितळी शेंबी. ती शेंबी बसवायलाच मिस्टर पिल्बीमनी काठी क्रॉयडनच्या या छत्र्या-काठ्यांच्या दुकानात टाकली होती. पिल्बीम म्हणजे लिडहर्स्ट गावचे चर्चवॉर्डन, आपल्याकडच्या देवळाचे पंच म्हणा हवं तर. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता, "हॅरी, तुमच्या ऑफिसजवळ एक वस्तू दुरुस्तीला दिलीय, उद्या येताना आणाल का?" आणि हरीश नेहमीसारखा हो म्हणून बसला होता. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे पिल्बीम आपल्याला यातलं नेमकं काय म्हणतात हे त्याला आठ वर्षांत उमगलं नव्हतं. वस्तू कसली, हेही त्याने विचारलं नव्हतं. घड्याळ असेल, दिवा असेल, असं धरून तो ऑफिसातून जरा लवकर निघून इथे आला होता.

"रविवारी तुम्हीच धरणार ना?" काठीला तपकिरी कागद गुंडाळता गुंडाळता दुकानदार म्हणाला. "लेन एंडच्या घरातले तुम्हीच ना? माझी आजी लिडहर्स्टची. काठी नेहमी शेवटच्या घराची."

"शेवटच्या घराची म्हणजे?"

"हद्दीला लागून जे घर, त्याचा मालक काठी घेऊन पुढे, गाव मागे. सगळ्या शिवेला फेरी घालायची आणि प्रत्येक दगडावर काठी मारायची. मध्ये बंद पडलं होतं, आता चर्चचा नवा व्हिकर पुन्हा सुरू करतोय म्हणे. मान असतो तो." कागद पुरला नाही. वरची फीत तशीच उघडी राहिली.

ईस्ट क्रॉयडनला शुक्रवारची गर्दी होती आणि गर्दीत काठी आडवी धरता येईना, उभी धरावी तर छताला लागे. शेवटी हरीशला खिडकीजवळ जागा मिळाली, तेव्हा त्याने ती दोन गुडघ्यांमध्ये तिरकी धरली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. समोरच्या माणसाने वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं आणि मासेमारी का, असं विचारलं. हरीश हो म्हणाला. खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न होता, आणि स्टेशन येईपर्यंत ते संपलं नसतं. त्याला फार दमल्यासारखं वाटत होतं. पायांचा किंवा ऑफिसचा तो शीण नव्हता. खूप लांब चालून गेल्यावर, आपण निघालो तिथेच परत येऊन उभे आहोत हे कळल्यावर जे वाटेल, तसलं काहीतरी ते होतं. हाताखालचं लाकूड त्याच्या ओळखीचं होतं. बोटं कुठे पडायची, अंगठा कुठे टेकायचा, हे त्याच्या हाताला कुणी न सांगता कळत होतं, आणि याचाच त्याला राग येत होता. घुंगरं नव्हती, एवढाच काय तो फरक.

घुंगरं कडूबाच्या काठीला होती. कडूबा म्हणजे हरीशचा आजा, जालन्याकडच्या धामणखेडचा येसकर महार. गाव आत आणि हे बाहेर, शिवेच्या अंगाला, शेवटची घरं. दिवस उगवायच्या आत चावडीपुढे हजर व्हायचं, जोहार मायबाप म्हणायचं, आणि गाव सांगेल ते करायचं. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं. शीव मात्र कडूबाची होती. म्हणजे मालकीची नव्हे, जबाबदारीची. एकदा धामणखेडचा आणि शेजारच्या गावाचा शिवेवरून तंटा झाला, तेव्हा दोन्ही गावांनी ठरवलं की कडूबाने डोक्यावर शिवेची माती घेऊन चालावं, तो चालेल ती शीव. अट एकच, त्याच्या घरात सहा महिन्यांत काही वाईटवंगाळ झालं तर तो खोटं चालला. कडूबा चालला, खरंच चालला. त्या पावसाळ्यात पटकी आली, दोन्ही गावांत माणसं गेली, आणि त्यांत कडूबाचा थोरला मुलगा गेला. गाव म्हणालं, कडूबा खोटा. शीव मात्र कुणी बदलली नाही, कारण ती गावाच्या फायद्याची होती. आजा हे सांगताना कधी आवाज चढवत नसे. त्याने काठी पुढेही तशीच धरली, तिला दर अमावास्येला तेल पाजलं, आणि हरीशला आजाचा हात आठवतो तो त्या तेलाच्या वासासकट आठवतो.

काठी संपवली ती दादासाहेबांनी, हरीशच्या वडिलांनी. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते पांढऱ्या कपड्यांत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि गुडघ्यावर मोडली. पहिल्यांदा मोडली नाही, कुऱ्हाड घ्यावी लागली. तुकडे चुलीत घातले आणि वर आंघोळीचं पाणी ठेवलं. कडूबा भिंतीला टेकून बघत होता. नको म्हणाला नाही, बरं केलंस म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "घुंगरं काढून घे, पितळ हाय." पाणी तापलं, दादासाहेब दगडावर बसले, आणि तेवढ्यात चावडीवरचा माणूस दारापुढे आला. पाटलांनी बोलावलंय, तालुक्याला सांगावा न्यायचाय, आत्ताच्या आत्ता. आजवर अशी हाक आली की तोंडातला घास तसाच ठेवून माणूस धावायचा. हरीशची आई सिंधुबाई पदर सावरून दारात गेली आणि म्हणाली, "आंघूळ करत्यात. थांबावं लागंल." आणि तो माणूस थांबला. विश्वास बसला नाही म्हणून थांबला असेल, पण थांबला. आत दादासाहेब तांब्यामागून तांब्या सावकाश ओतत राहिले. मग हरीशची पाळी आली. त्या पाण्याला धुराचा वास होता. पुढे व्हायचं ते झालं, दाणागोटा बंद, काम बंद, पाणी बंद, आणि वर्ष संपायच्या आत बिऱ्हाड औरंगाबादला. दादासाहेब मरेपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. शिका, नोकऱ्या करा, कुठंही जा, पण गावाची काठी पुन्हा हातात धरायची नाही.

गाडीने एक बोगदा घेतला आणि खिडकीच्या काचेत हरीशला स्वतःचा चेहरा दिसला, बाजूला ती लाल फीत. शिकला, नोकरी केली, कुठंही गेला. क्रॉयडनच्या नवव्या मजल्यावर बसून पुलांचे आराखडे तपासतो. सगळं आज्ञेबरहुकूम. आणि घर? पंच्याऐंशी साली ते लिडहर्स्टला घर बघायला आले होते तेव्हा एजंटने त्यांना दोन घरं दाखवली. एक गावाच्या मधोमध, हिरवळीला लागून, समोर चर्च, बाजूला दुकान. यमुनाला ते फार आवडलं होतं. दुसरं पार टोकाला, लेन संपते तिथे, पुढे शेतं आणि कुंपणामागे कसलासा जुना दगड. हरीश त्या दारात उभा राहिला आणि बरं वाटतंय म्हणाला. "मोकळं आहे," तो म्हणाला. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." यमुना म्हणाली, "अहो, दुकान लांब पडेल. पावसाचं कोण जाणार?" पण त्याने हट्टाने टोकाचंच घेतलं. बाकीच्या गावाने त्याला बाहेर ढकललं नव्हतं. कुणी बोट दाखवून तिकडे जा म्हटलं नव्हतं. त्याच्या पायांनीच त्याला नेऊन तिथे उभं केलं होतं, आणि डोक्याने नंतर हवेची आणि मोकळेपणाची कारणं जुळवली होती. आठ वर्षं त्याला हे कळलं नव्हतं. आता सरे परगण्यातल्या हिरव्या टेकड्या खिडकीबाहेरून जात असताना कळलं, आणि त्याला हसावं की काय करावं ते सुचेना.

बरं, घराचं एक झालं. पण ती आठ वर्षं तो काय करत होता? मिसेस पिल्बीमची लोकर क्रॉयडनहून आणत होता. गावच्या हॉलचे बल्ब, चर्चच्या बाइंडिंगला दिलेल्या गाण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा, पबवाल्याच्या बापाचं कानाचं यंत्र. गाव म्हणायचं, हॅरी रोज जातो, हॅरीला सांगा. आणि त्याला ते आवडायचं, खरंच आवडायचं. लोक दारात थांबून हवापाण्याच्या गप्पा मारत, नाताळात जॅमच्या बरण्या ठेवून जात. त्याला वाटलं होतं, हीच ओळख, हाच शेजार. कदाचित तसंच असेल. तेवढंच असेल, दुसरं काही नसेल. थकवा होता तो या 'कदाचित'चा. कडूबाला निदान कशाला काय म्हणायचं ते माहीत होतं.

यमुना स्वयंपाकघरात होती. ती दोन गावं पलीकडच्या शाळेच्या किचनमध्ये काम करायची आणि शुक्रवारी पाय धरून बसायची. काठी दारातून आत येईना म्हणून हरीशने ती तिरकी केली तेव्हा तिने मान वर केली.

"हे काय आणलंत? पडदे लावायचेत का?"

त्याने सांगितलं. शेवटचं घर, फेरी, दगड, मान. ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिने गॅस बंद केला. कडूबाची गोष्ट तिला पाठ होती. लग्न होऊन आली तेव्हा सिंधुबाईंनी भाकरी थापता थापता ती तिला इतक्यांदा सांगितली होती की चावडीवरच्या माणसाच्या पटक्याचा रंगसुद्धा तिला माहीत होता.

"नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

"आणि काय कारण सांगू?"

"कारण कशाला? नाही म्हणजे नाही. गाव काय बहिष्कार घालणारे?" हा शब्द तोंडून गेल्यावर तिने फडकं उचलून ओटा पुसायला घेतला. मग तो म्हणाला, "आठ वर्षांत पहिल्यांदा मला पुढे चाला म्हणतायत गं."

"पुढे चाला म्हणतायत की काठी धरा म्हणतायत?"

काठी त्याने हॉलच्या कोपऱ्यात उभी केली, तेव्हा यमुना मागून म्हणाली, "घरात नको." म्हणून ती त्याने बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवली, गवत कापायच्या मशीनशेजारी.

शनिवारी वॉटफर्डहून वीणाचा फोन आला. त्यांची ही एकुलती एक मुलगी तिथे एका फर्ममध्ये अकाउंटंट होती. आईकडून तिला बातमी लागलीच होती, पण अर्धीच.

"बाबा, दॅट्स सो लव्हली. म्हणजे तुम्ही आता प्रॉपर लोकल झालात. मी येऊ का फोटो काढायला? काठी केवढा मोठा आहे?"

"मोठी आहे," हरीश म्हणाला. "तू नको येऊस. पाऊस आहे."

वीणाला त्याने आजाची गोष्ट सांगितली नव्हती. तिला सगळं माहीत होतं, पण पुस्तकातलं. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता, एप्रिलमध्ये जयंतीला ती साडी नेसून भाषण ऐकायला यायची, शाळेत तिने त्यांच्यावर प्रोजेक्ट केला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. पण त्या प्रोजेक्टमधली माणसं म्हणजे आपला आजा, आपला बाप, हे तिच्या अंगाला लागू नये असं हरीशला वाटत आलं होतं. त्याला वाटायचं, ही तरी कोरी राहू दे. आणि आता ती कोरी होती म्हणूनच तिला बापाचा मान दिसत होता आणि काठी दिसत नव्हती. दोष तिचा नव्हता. त्याने फोन ठेवला. नाही म्हटलं तर दार उघडायला आलेलं गाव परत जाणार, हो म्हटलं तर दादासाहेबांचा शब्द मोडणार. दोन्हीकडून एकच गोष्ट जात होती, आणि ती म्हणजे झोप.

रविवारी चर्चच्या फाटकाशी गाव जमलं होतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कुत्री, थर्मास. तरुण व्हिकर सगळ्यांशी जरा जास्तच हसत होता. हरीश काठी घेऊन आला, हातात धरून नव्हे, काखेत मारून, दुसऱ्याची छत्री आणावी तशी. त्याने दोन दिवस इंग्रजीत एक भाषण तयार केलं होतं. त्यात धामणखेड होतं, माती होती, एक मेलेला मुलगा होता. माझ्या वडिलांना दिलेला शब्द, असं एक वाक्य होतं. पिल्बीमचा म्हातारा लाल चेहरा समोर आला आणि त्यातलं काहीच उरलं नाही.

"मी चालेन तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "काठी तुम्ही घ्या."

"खांदा दुखतोय?"

"नाही. मला ती धरायची नाहीये."

पिल्बीमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग "बरं," म्हणाले आणि काठी घेतली.

बरं. एवढंच. तीन पिढ्यांचं ओझं घेऊन माणूस दारात येतो आणि दार उघडणारा म्हणतो, ठेवा तिकडे कोपऱ्यात. याच्यापेक्षा कुणी चिडलं असतं, कुणी का म्हणून विचारलं असतं, तर बरं झालं असतं. गावाची काठी नाकारून दादासाहेबांना गाव सोडावं लागलं होतं. इथे ती नाकारली काय आणि धरली काय, कुणाच्या थर्मासमधला चहासुद्धा हलत नव्हता. त्याला वाटलं, परत जावं आणि पांघरूण घेऊन पडावं.

पण पिल्बीमचं बोलणं संपलं नव्हतं. "मग आपटून घ्यावं लागेल, हॅरी," ते अगदी साध्या सुरात म्हणाले. "लेन एंडवाल्याने काठी नाकारली तर शेवटच्या दगडावर त्याला आपटतात. माझ्या वडिलांच्या वेळी एकाला आपटलं होतं. जॉर्ज नावाचा होता कुणी, बायकोशी भांडून रुसून बसला होता."

"अर्थात, त्याची काही आवश्यकता नाही," व्हिकर घाईघाईने म्हणाला.

"आहे," पिल्बीम म्हणाले. "रीत आहे."

आणि हरीशला एकदम हलकं वाटलं. इथे नकाराला शिक्षा होती. म्हणजे त्याचा नकार पोचला होता, गावाच्या हिशेबात धरला गेला होता. दुसऱ्या कुणी नकार दिला असता तर त्यालाही आपटलंच असतं, त्या जॉर्जला आपटलं होतं तसं. "चालेल," तो म्हणाला, आणि लोक हसले, आणि त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

फेरी लांब होती. शेतांतून, काटेरी झुडपांतून, एका ओढ्यातून, कुणाच्या तरी डुकरांच्या आवारातून. प्रत्येक दगडाशी पिल्बीम थांबत, काठी मारत, आणि लोक कसलंसं ओरडत. हरीश मधल्या घोळक्यात होता, ना पुढे ना मागे. कानाच्या यंत्राचा म्हातारा मुलाच्या आधाराने अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि परत गेला. पोस्टमनने आपल्या थर्मासच्या झाकणातून त्याला चहा दिला, तो त्याने प्यायला, मग त्याच झाकणातून पोस्टमन प्यायला. हरीशने ते पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. अशा गोष्टी पाहायचं थांबणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं आणि आता या वयात जमणार नव्हतं.

शेवटचा दगड त्याच्या बागेच्या कुंपणामागे, खाजऱ्या झुडपांत. आठ वर्षं तो त्याच्या स्वयंपाकघरातून दिसत होता. खिडकीत यमुना उभी होती, हातात फडकं. ती फेरीला आली नव्हती. पिल्बीमनी काठी मारली आणि चौघे पुढे आले, पोस्टमन, पबवाला, पिल्बीमचा मुलगा आणि नाइलाजाने व्हिकर. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले. चौघांनी उचललं की माणूस संपला, असं आपल्याकडे समजतात, आणि त्यातही आपल्या जातीच्या मढ्याला परजातीचा हात कधी लागत नसे. त्याला आभाळ दिसलं, राखाडी, खूप मोठं. मग दगड लागला. मग पुन्हा आभाळ, पुन्हा दगड. सगळे मोठ्याने मोजत होते. त्याला रडू आलं. दगड जोरात लागला होता म्हणून बरं, कुणाला कारण विचारावं लागलं नाही. त्यांनी त्याला खाली उभं केलं, पाठीवर थापा मारल्या, आणि सगळे पबकडे गेले. येतो नंतर, असं त्याने सांगितलं आणि कुंपणाच्या फटीतून तो आपल्या बागेत शिरला.

"लागलं का?" यमुनाने विचारलं.

"लागलं."

"चालता येतंय तेवढं बास. पाणी गरम आहे, जा, टबात बसा."

वरच्या मजल्यावर त्याने दार लावलं आणि हळूहळू पाण्यात उतरला. माकडहाड ठणकत होतं. पाणी चांगलं कढत होतं, काच वाफेने आंधळी झाली होती, आणि त्याने डोळे मिटले. आता विचार करायचा नव्हता. कशाचा काय अर्थ होता ते उद्या ट्रेनमध्ये बघता आलं असतं. तेवढ्यात खाली बेल वाजली, यमुनाची पावलं ऐकू आली, दार उघडलं.

"हॅरी आहे का?" पिल्बीमचा आवाज. "काठी वर्षभर शेवटच्या घरातच असते, ती द्यायची होती. आणि ही शेंबी पुन्हा सैल झालीय, उद्या तो क्रॉयडनला जातोच आहे, तर म्हटलं जरा त्याच्याशी बोलावं."

हरीशने डोळे उघडले. पाण्यावर हात तसेच ठेवून तो ऐकू लागला.

"ते आंघोळ करतायत," यमुना आपल्या सावकाश, शाळेच्या किचनमधल्या इंग्रजीत म्हणाली. आणि मग म्हणाली, "तुम्हाला थांबावं लागेल."

"काही घाई नाही," पिल्बीम म्हणाले.

आत या, असं यमुना म्हणाली नाही. पायरीच्या दगडावर शेंबी एकदा वाजली, मग म्हाताऱ्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्यावर पुन्हा वाजली. तो उभा होता, दाराबाहेर, काठी हातात धरून. हरीशने पायाच्या अंगठ्याने गरम पाण्याचा नळ आणखी थोडा सोडला.